मुलांच्या हाती कोणतं पुस्तक द्यावं? ख्रिस्ती पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथ शाळेत (मुलांच्या बायबलच्या वर्गांत) पुस्तकांचं एक कपाट आहे. गेली बरीच वर्षं ते मी सांभाळते. उपासना सुटली की कपाटापाशी उभं राहून, आणि आता जास्त करून व्हॉट्सॲपवर, पालक मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. काही कॅथलिक घरांतून येतात, काही आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट घरांतून, एखाददुसरा थेट परदेशातून. सगळ्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर.

१. ख्रिस्ती दृष्टीने ‘चांगलं पुस्तक’ म्हणजे नेमकं कोणतं? त्यात येशूचं नाव असायलाच हवं का?

नाही. बायबलमधलं एस्तेरचं पुस्तक उघडून पाहा. मूळ इब्री पाठात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी देवाचा हात पानोपानी जाणवतो. उलट, दर पानावर ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारं पुस्तकही मुलाला खोटं शिकवू शकतं (प्र. १२ पाहा).

पुस्तक वाचून झालं की मी स्वतःला विचारते: यात चुकलेल्या माणसाला चुकीची झळ बसते का? आणि परतून येणाऱ्याला दार उघडं मिळतं का? उधळ्या पुत्राच्या दाखल्यात डुकरांच्या पुढच्या शेंगाही आहेत आणि धावत येणारा बापही आहे. नुसत्या शेंगा दाखवणारं पुस्तक मुलाला हताश करतं, नुसती मिठी दाखवणारं त्याला फसवतं. दोन्ही असतील, तर लेखक कोणत्या धर्माचा आहे हे मी नंतर बघते.

आणखी एक. फिलिप्पैकरांस पत्राच्या ४:८ मध्ये पौलाने मनन करण्याजोग्या गोष्टींची यादी दिली आहे. तिची सुरुवात ‘सत्य’ या शब्दाने होते, ‘शुद्ध’ त्यानंतर येतो. आपण पालक घाबरून हा क्रम उलटा करतो. आधी स्वच्छ, गोड, निरुपद्रवी पुस्तक शोधतो आणि ते खरं आहे का हे विचारायचं राहून जातं.

२. सासूबाई म्हणतात, गोष्टीची पुस्तकं म्हणजे वेळेचा अपव्यय, बायबल एवढं पुरे. त्यांना काय सांगू?

वाद घालू नका. त्यांच्या शेजारी बसून २ शमुवेल १२ वाचा. दाविदाने उरीयाचा घात केला होता आणि त्याला तोंडावर सांगण्याची कुणाची छाती नव्हती. नाथान संदेष्टा गेला आणि त्याने एका गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. ती मेंढी कधी अस्तित्वातच नव्हती, पण तिच्यामुळे राजाला स्वतःचं पाप दिसलं. गोष्टीचं काम हेच आहे. प्रभू येशूनेही लोकांना शिकवताना दाखलेच दिले.

आणि तुरुंगात शेवटचे दिवस मोजणाऱ्या पौलाने तीमथ्याकडे काय मागितलं? झगा, पुस्तकं आणि चर्मपत्रं (२ तीमथ्य ४:१३). सासूबाईंना हे वचन नक्की माहीत असेल.

३. बाळ दोन वर्षांचं आहे. आत्तापासून काय वाचायचं?

जे तुम्हाला स्वतःला मोठ्याने वाचायला आवडेल ते. या वयात पुस्तकाइतकीच मांडीही महत्त्वाची असते. चित्र मोठं असावं, वाक्य लहान असावं, आणि त्यात मुलाच्या रोजच्या ओळखीच्या वस्तू असाव्यात: चप्पल, बादली, मांजर, पाऊस. ‘देवाने सगळं निर्माण केलं’ हे वाक्य कळण्याआधी निर्माण केलेल्या गोष्टींवर जीव जडावा लागतो. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं मी डोळे झाकून देते, कारण त्यांतली घरं आपल्या घरांसारखी आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्तात मिळते. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात.

४. मुलांसाठी बायबल कोणतं घ्यावं?

आधी एक फरक लक्षात घ्या. ‘बायबलमधल्या गोष्टी’ हे पुस्तक म्हणजे बायबल नव्हे. ती कुणीतरी निवडून, गाळून, आपल्या शब्दांत सांगितलेली गोष्ट असते. लहान मुलांना ती हवीच, पण निवडताना पुढची ठिकाणं उघडून पाहा.

नोहाचा जलप्रलय कसा सांगितला आहे? नुसती हसरी जिराफं आणि इंद्रधनुष्य असेल, तर देवाला जगाच्या दुष्टपणाचं दुःख झालं होतं हा गाभाच गेला. दाविदाची गोष्ट गल्याथापाशी संपते का? पेत्राने नाकारलं ते आहे का, आणि नंतर समुद्रकाठी प्रभूने त्याला तीनदा विचारलं तेही आहे का? शेवटी, दर गोष्टीखाली ‘तात्पर्य: आईबाबांचं ऐका’ असं चिकटवलं असेल, तर पुस्तक परत ठेवा. अब्राहाम, याकोब, योना यांच्या गोष्टी शिस्त लावण्यासाठी लिहिलेल्या नाहीत.

चित्रंही पाहा. निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा येशू अजून पुष्कळ पुस्तकांत आहे. प्रभू पश्चिम आशियातल्या यहुदी घरात जन्मला, सुताराच्या हाताखाली उन्हातान्हात वाढला. मूल चित्रावरून देव ‘कुणासारखा’ आहे हे ठरवतं, म्हणून ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

दहा-अकरा वर्षांनंतर मात्र पूर्ण पवित्र शास्त्र हातात द्या. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. तोबीत, यहूदीथ, मक्काबी वगैरे पुस्तकं पहिल्यात नसतात, आणि एस्तेरमधला ग्रीक भागही नसतो, ज्यात देवाचं नाव आणि प्रार्थना येतात. चुलत भावंडांत यावरून वाद होतात, तेव्हा आधीच सांगून ठेवलेलं बरं. जुन्या भाषांतराची मराठी मुलांना जड जाते, ही तक्रार खरी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ त्यासाठी घरात असावं. वसईचे हे धर्मगुरू २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि त्यांची मराठी आजच्या मुलाच्या कानाला परकी वाटत नाही. साध्या मराठीची ही तळमळ जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये इब्री आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. सामान्य, कमी शिकलेल्या बायकांना ते कळावं हा त्यांचा ध्यास होता, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या.

५. पण बायबलमध्येच इतके खून आणि व्यभिचार आहेत! ते मुलाने वाचलं तर?

वाचेलच. बथशेबा, तामार, इफ्ताहाची मुलगी, शास्ते पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय हे सगळं तिथे आहे, आणि बायबल त्याला चांगलं म्हणत नाही. हे मुलाला कळलं की त्याच्या हातात इतर पुस्तकं पारखायचीही किल्ली आली: ‘दाखवणं’ वेगळं आणि ‘भलावण करणं’ वेगळं.

वयाचा प्रश्न मात्र खरा आहे. कॉरी टेन बूम या डच बाईंच्या आठवणींत एक प्रसंग आहे. त्यांचं घड्याळजींचं कुटुंब. त्यांच्या हार्लेमच्या घरात पुढे यहुद्यांना नाझींपासून लपवलं गेलं आणि त्याबद्दल १९४४ साली कुटुंबाला अटक झाली. छोट्या कॉरीने आगगाडीत वडिलांना लैंगिक पापाविषयीच्या एका शब्दाचा अर्थ विचारला. वडिलांनी घड्याळांची आणि सुट्या भागांची जड पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, ही उचल. तिला उचलेना. ते म्हणाले, एवढ्याशा मुलीला एवढं ओझं उचलायला लावणारा बाप वाईटच म्हणायचा. काही ज्ञानही असंच जड असतं, तू मोठी होईपर्यंत ते मला वाहू दे.

हे उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात खोटं काही नाही. ‘असं काही नसतं’ किंवा ‘घाणेरडं विचारू नकोस’ असं ते म्हणत नाहीत. फक्त एक आठवण ठेवा: मूल मोठं झालं की पेटी खरोखर त्याच्या हातात द्यायची असते (प्र. १३).

६. मराठीत ख्रिस्ती मुलांसाठी काही आहे का? सगळं इंग्रजीतच दिसतं.

हा प्रश्न आला की मला भरून येतं. मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात वाङ्मयाचा केवढा खजिना आहे, आणि आपली मुलं अमेरिकेतल्या संडे स्कूलची रंगीत पुस्तकं चाळत बसली आहेत.

गोव्यात येऊन राहिलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत, आणि मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पूर्ण ग्रंथ मुलांना झेपणार नाही. पण नाताळच्या आधीच्या आठवड्यात येशूजन्माच्या प्रसंगातल्या दहा-वीस ओव्या चालीवर म्हणून बघा. कळलं नाही तरी कानात राहतं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे फुलामुलांचे कवी. त्यांच्या एका कवितेत बाणाने घायाळ झालेली पक्षीण पडत-उठत पिलांपाशी पोचते. ही कविता कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. तिच्यात येशूचं नाव नाही, पण ती वाचलेल्या मुलाला गलोल उचलताना क्षणभर थांबावं लागतं. ‘ज्ञानोदय’ नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झालं. पुढे अमेरिकन मराठी मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ काढला. म्हणजे मराठी मुलांसाठी मासिक हवं हे आपल्या पूर्वजांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुचलं होतं. जॉन बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या इंग्रजी रूपककथेचं मराठी रूप ‘यात्रिकक्रमण’ हरी केशवजींनी १८४१ सालीच केलं.

आणि याच टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’. चौदा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलाने ती वाचावी असं मला मनापासून वाटतं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, नंतर स्वतःच्या वाटेने आणि स्वतःच्या वेळेला ख्रिस्ताकडे आल्या. नवऱ्याचा रागीट, विसराळू स्वभाव, स्वतःच्या मनातलं सोवळं, हातातून निसटणारे पैसे, काहीच झाकलेलं नाही. विश्वासाचं असं प्रामाणिक वर्णन कोणत्याही भाषेत दुर्मीळ आहे. ती जाडजूड वाटली तर संक्षिप्त आवृत्ती मिळते. आमच्या कपाटातल्या प्रतीची शिवण दोनदा सुटली, दोन्ही वेळा मीच चिकटवली.

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. विधवांच्या हालांविषयीची आहे, भाषा जुनी आहे, म्हणून ती सोळा-सतरा वर्षांच्या, वाचनात मुरलेल्या मुलांनाच द्या.

७. मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, मराठी अडखळत वाचते. आम्ही तर महाराष्ट्राबाहेरच राहतो.

मग तुम्ही वाचा, तिने ऐकावं. कानाला मराठी डोळ्याआधी येते. रोज रात्री दहा मिनिटं पुरतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. त्यातले लहान लेख अडखळत वाचणाऱ्याला धीर देतात. आजी-आजोबा गावी असतील तर त्यांना फोनवरून एकेक प्रकरण वाचायला सांगा. आणि घरी मराठीत प्रार्थना होत असेल, तर स्तोत्रसंहितेतलं तेविसावं स्तोत्र आधी मराठीत पाठ करून घ्या. जी भाषा प्रार्थनेत वापरली जाते ती मुलं सहसा टाकत नाहीत.

८. रामायण-महाभारताच्या गोष्टी, पंचतंत्र, अमर चित्र कथा वाचू द्यावं का? शाळेच्या पुस्तकातही आहेत.

द्यावं. याबाबत मंडळीत मतभेद आहेत हे मला माहीत आहे, माझं मत सांगते.

दानीएलाच्या पहिल्याच अध्यायात तो आणि त्याचे मित्र बाबेलात खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकतात. राजाच्या ताटातलं अन्न त्यांनी नाकारलं, ग्रंथ नाकारले नाहीत. मोशे मिसऱ्यांच्या सर्व विद्येत निपुण होता असं स्तेफन सांगतो. अथेन्समध्ये पौल ग्रीक कवींची ओळ उद्धृत करतो (प्रेषितांची कृत्ये १७:२८). ती ओळ त्याने कधीतरी वाचली असणार, म्हणूनच त्याला ती आठवली.

ज्या भाषेत आपण स्वप्नं बघतो तिच्या म्हणी, उपमा आणि नावं या गोष्टींतून आली आहेत. कर्ण कोण हे ठाऊक नसलेलं मूल वर्गात परकं होतं, आणि शेजारच्या घरी काय पवित्र मानतात हे न जाणता शेजाऱ्यावर प्रीती करणं कठीण जातं. गोष्ट गोष्ट म्हणून वाचू द्या, आदराने वाचू द्या, आणि विचारलं तर सरळ सांगा: आपण उपासना कुणाची करतो आणि का. कुचेष्टा करून सांगू नका. मूल ती कुचेष्टा शाळेत घेऊन जातं, आणि ते कुणालाच शोभत नाही.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’बद्दलही हेच विचारतात. मी ते प्रत्येक घरात असावं म्हणते. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, असं सांगणारी ती आई आपल्या कोणत्याही ख्रिस्ती आईपेक्षा वेगळी नाही.

९. हॅरी पॉटरचं काय? बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात जादूटोणा स्पष्ट निषिद्ध आहे.

आहे, आणि तो निषेध मी गंभीरपणे घेते. अनुवाद १८:१०-१२ मध्ये शकुन पाहणं, मंत्रतंत्र करणं, मृतांना विचारणं यांना बंदी आहे. म्हणजे देवाला बाजूला सारून गुप्त शक्तींकडून ज्ञान किंवा बळ मिळवू पाहणं. आपल्या आसपास हे अजून चालतं: लिंबू-मिरची, अंगात येणं, बाबांचे गंडे. ज्या घराने अशा गोष्टींतून बाहेर पडायला किंमत मोजली आहे, त्या घराला जादूची गोष्ट नकोशी वाटली तर मी एका शब्दाने आग्रह करत नाही.

पण गोष्टीतली जादू दोन प्रकारची असते. एक, परीकथेतली: छडी फिरवली, भोपळ्याची गाडी झाली. ती घरी करून बघता येत नाही आणि मुलाला तसं वाटतही नाही. दुसरी, जी वाचकाला ‘हे असं कर’ म्हणून शिकवते: पत्ते लावून भविष्य, आत्मे बोलावण्याचे खेळ. दुसरी मी कपाटात ठेवत नाही, मग मुखपृष्ठ कितीही निरागस असो.

हॅरी पॉटरचे सात भाग (१९९७ ते २००७) पहिल्या प्रकारात मोडतात असं मला वाटतं. शेवटच्या भागात हॅरी आईवडिलांच्या थडग्यापाशी उभा राहतो. दगडावर १ करिंथ १५:२६ कोरलेलं आहे, शेवटचा शत्रू म्हणजे मृत्यू नाहीसा केला जाईल हे वचन. जवळच्याच दुसऱ्या थडग्यावर मत्तय ६:२१ आहे, तुझं धन जिथे तिथे तुझं मन. तुमच्या मुलाने हे भाग वाचले असतील तर विचारा, ही वचनं तिथे का असावीत? मी विचारलं होतं. एका नववीतल्या मुलाशी पुनरुत्थानावर माझं जे बोलणं झालं, ते मला शब्बाथ शाळेच्या वर्गात कधी जमलं नव्हतं. हेही सांगते की पुढचे भाग अंधारे होत जातात. आठ वर्षांच्या मुलाने सलग सातही वाचावेत असं मला वाटत नाही.

‘इफिसात तर जादूची पुस्तकं जाळली’ असंही कुणीतरी दरवेळी लिहितं. हो, प्रे. कृत्ये १९:१९. पण ती जादू करणाऱ्यांची स्वतःच्या धंद्याची पुस्तकं होती, आणि त्यांनी ती स्वतःहून आणली. दुसऱ्याच्या घरातून कुणी काढून आणली नव्हती.

१०. नार्निया कोणत्या क्रमाने वाचावं?

सी. एस. लुईस यांच्या या कादंबरीमालेतले भाग जसे छापले गेले तसे. म्हणजे १९५० साली आलेला सिंह आणि कपाटाचा भाग आधी. काही संचांत कथेच्या कालक्रमाने आकडे घातलेले असतात. लुईस यांनी स्वतः एका अमेरिकन मुलाला १९५७ साली लिहिलं की कालक्रम त्यांना बरा वाटतो, पण त्याने फारसं काही बिघडत नाही. मला बिघडतं असं वाटतं: त्यातला सिंह, अस्लान, कोण हे माहीत नसताना त्याचं नाव पहिल्यांदा ऐकण्यातली थरथर त्यात जाते. आणि कृपा करून ‘अस्लान म्हणजे येशू’ असं आधीच सांगू नका. मुलाला ते स्वतः सापडू द्या.

११. जुनी अभिजात पुस्तकं संक्षिप्त, मुलांसाठीच्या आवृत्तीत द्यावीत का?

सांभाळून. कापताना पहिली कात्री बहुधा देवावर चालते. रॉबिन्सन क्रूसो (१७१९) बेटावर तापाने फणफणलेला असताना फुटलेल्या जहाजातून आणलेलं बायबल उघडतो आणि संकटाच्या दिवशी माझा धावा कर हे वचन वाचतो. मूळ कादंबरीचा तो कणा आहे. मुलांच्या पुष्कळ आवृत्त्यांत उरतो फक्त पोपट, छत्री आणि वाळूतलं पाऊल. ‘हायडी’ या कादंबरीतही तेच. डोंगरावरचा एकलकोंडा आजोबा नातीच्या तोंडून उधळ्या पुत्राची गोष्ट ऐकतो आणि खूप वर्षांनी गावातल्या चर्चमध्ये जातो. हा प्रसंग नसेल तर ती बकऱ्यांची आणि चीजची गोष्ट उरते.

‘लिटल विमेन’ मराठीत शान्ता शेळके यांनी ‘चौघीजणी’ म्हणून आणली. त्यातल्या बहिणी बनियनच्या यात्रेकरूचा खेळ खेळतात आणि कित्येक प्रकरणांची नावंच त्या ग्रंथावरून आहेत. आधी ‘यात्रिकक्रमण’ची गोष्ट (प्र. ६) तोंडी सांगितली तर मुलीला हे धागे दिसतात.

मूळ पुस्तकांतले दोषही असतात. क्रूसोचं जहाज फुटतं तेव्हा तो गुलाम आणायला निघालेला असतो. हे लपवू नका, त्यावर बोला. बायबल वाचणारा माणूस हे करू शकत होता, ही आपल्यासाठीही धोक्याची सूचना आहे.

१२. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातलं पुस्तक म्हणजे निर्धास्त घ्यायचं ना?

नाही. मी परत पाठवलेल्या पुस्तकांपैकी निम्मी तिथलीच होती. काही पुस्तकांत प्रार्थना केली की आजार जातो, परीक्षेत पहिला नंबर येतो, बाबांना नोकरी लागते. ज्या मुलाने प्रार्थना करूनही आजी गमावली आहे, त्याला हे पुस्तक सांगतं की तुझाच विश्वास कमी पडला. ईयोबाचे मित्र हेच म्हणत होते, आणि शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावतो. काही पुस्तकं नरकाची आणि युगान्ताची भीती घालून मुलांना रात्री जागवतात. काहींत इतर धर्माचा प्रत्येक माणूस दुष्ट किंवा मूर्ख असतो. आणि काही नुसतीच वाईट लिहिलेली असतात. हा दोष आपण माफ करतो, मी करत नाही. कंटाळवाणं पुस्तक मुलाला नकळत शिकवतं की देवही कंटाळवाणा आहे.

संतचरित्रं आणि मिशनरी चरित्रं यांनाही हीच कसोटी. एमी कार्माइकल लहानपणी निळ्या डोळ्यांसाठी प्रार्थना करायच्या, डोळे तपकिरीच राहिले, आणि पुढे तमिळनाडूत इथल्या बाईच्या वेशात मुलींना सोडवताना तेच उपयोगी पडले, ही गोष्ट मुलांना भावते. पण ज्या चरित्रात गोरा माणूस कधीच चुकत नाही आणि इथला माणूस कधीच काही देत नाही, ते अपुरं आहे. त्याच्या जोडीला रमाबाई वाचा, ज्यांनी परदेशी मदत घेतली आणि तरी परदेशी पुढाऱ्यांच्या ‘हो’ला ‘हो’ केलं नाही.

१३. मुलगा पंधराचा आहे. त्याच्या पुस्तकांत चुंबनं, शिव्या, दारू आहे. काढून घेऊ?

आधी वाचा, मग ठरवा. आणि न वाचता काढून घेतलंत तर तो पुढचं पुस्तक तुम्हाला दाखवणार नाही.

वाचताना पाहा की शरीर कुणाचं आहे, माणसाचं की वस्तूचं. प्रीती दाखवली म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. गीतरत्न बायबलमध्येच आहे. पण मुलगी नकार देते आणि नायक पाठलाग करून तिला ‘जिंकतो’, अशी प्रेमकथा शिव्यांनी भरलेल्या पुस्तकापेक्षा मला जास्त घातक वाटते, भले तिच्यात एकही वावगा शब्द नसो. फोनवर फुकट मिळणाऱ्या कथांच्या ॲपवर अशा गोष्टींचा पूर आहे. तिकडे लक्ष असू द्या. नुसती चाळवण्यासाठीच लिहिलेली पुस्तकं सरळ नाकारा आणि कारण सांगा. पंधराव्या वर्षी कारण कळतं.

१४. मुलगी म्हणते, ‘देव आहे असं मला आता वाटत नाही’, आणि नास्तिकांची पुस्तकं वाचते.

तिने तुम्हाला सांगितलं, हे आधी जपा. पुस्तक हिसकावू नका. तेच पुस्तक तुम्हीही वाचा आणि ज्या पानावर लेखकाचं बरोबर आहे तिथे ‘बरोबर आहे’ म्हणा. मग तिला स्तोत्र ८८ दाखवा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरी आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. ईयोब दाखवा. लुईस कित्येक वर्षं नास्तिक होते, तेही तिला कळू द्या. पाळकांशी बोलायचं असेल तर तिला विचारून बोला.

१५. आमच्या घरी चालतं ते जाऊबाईंच्या घरी चालत नाही. मुलं एकत्र असली की भांडणं होतात.

रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच भांडणावर लिहिला आहे, तिथे विषय खाण्याचा होता. त्यांच्या घरी तुमच्या मुलाने ते पुस्तक नेऊ नये. त्यांच्या मुलांसमोर त्यावरून फुशारकीही मारू नये. आणि त्यांनी तुम्हाला ‘ऐहिक’ म्हणू नये, पण ते तुमच्या हातात नाही.

१६. प्रत्येक पुस्तक आधी वाचायला वेळ कुठून आणू?

सगळं नाही वाचता येत, मलाही नाही. पहिलं प्रकरण वाचा, मग मधलं कुठलंही एक, मग शेवटचं. मधल्या प्रकरणात लेखकाचा खरा स्वभाव कळतो, कारण सुरुवात आणि शेवट सगळेच सजवतात. खलनायक कसा बोलतो ते पाहा. आईवडील, गरीब माणूस, काळी मुलगी, दुसऱ्या जातीचा मुलगा कसे रंगवलेत ते पाहा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्यानंतरही शंका राहिली तर मुलाबरोबर वाचा, त्याच्या आधी नको. चुकून वाईट पुस्तक हाती गेलं तर जेवताना विचारा, ‘तुला त्यातलं काय खोटं वाटलं?’ पहिल्यांदा ‘काही नाही’ असं उत्तर येतं. आमच्या घरी तिसऱ्या-चौथ्या वेळी खरं उत्तर यायला लागलं.

१७. आमच्या मंडळीत असं कपाट सुरू करायचं आहे. किती पुस्तकं लागतील?

वीस पुरेत, पण वीसही तुम्ही वाचलेली असावीत. लोक दान म्हणून रद्दी देतात, ती प्रेमाने नाकारायला शिका. कुलूप लावू नका. वही ठेवा, मुलांनाच नोंद करू द्या. काही पुस्तकं हरवतील. आमची हरवतात. दोन वर्षांनी कुणाच्या तरी घरी फाटून, तेलाचे डाग पडून सापडतात, आणि तीच पुस्तकं मी पुन्हा विकत घेते.